ब्लूटूथ फाइंडर ॲपने ६०९२ रुपयांना गंडवलं, वेळीच वाचा

आईचं डाव्या कानाचं श्रवणयंत्र हरवलं होतं. ब्लूटूथवालं, चार्जिंगचं. दुपारी जरा आडवी झाली आणि उठली तर एका कानात आहे, दुसऱ्यात नाही. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना कळेल, यंत्र नसलं की ती टीव्ही लावते पण बघत नाही, आपण काही बोललो की नुसती मान हलवते. त्या घाईत मी ॲप शोधलं. चार पूर्णांक सहा स्टार होते, हजारो रिव्ह्यू होते, मी काही डोळे मिटून विहिरीत उडी नाही मारली.

ॲपने उघडल्या उघडल्या विचारलं, काय शोधताय? इअरबड, घड्याळ, फोन, हिअरिंग एड. मी हिअरिंग एडवर टिक केली. मग रडार फिरलं, १४ डिव्हाइस सापडली आणि त्यातल्या एका लाल ठिपक्यावर लिहून आलं, हिअरिंग एड, ४.८ मीटर. अहो, ते मीच सांगितलं होतं त्याला! आधी आपल्याकडूनच काढून घ्यायचं आणि मग तेच आपल्याला दाखवायचं. तेव्हा मला फक्त ठिपका दिसला.

नेमकी जागा बघायला अनलॉक, ४९९ रुपये. त्याखाली ३ दिवस मोफत ट्रायल. दर आठवड्याला ७९९ हे त्याच्याही खाली करड्या बारीक अक्षरात. दोन्हीकडे ओके दाबलं. कॉन्टॅक्टची परमिशन मागितली तीही दिली. ब्लूटूथ स्कॅनला कॉन्टॅक्ट कशाला लागतात? अँड्रॉइड ११ पर्यंत स्कॅनसाठी लोकेशन द्यावं लागायचं, १२ पासून जवळच्या डिव्हाइसची वेगळी परमिशन आली, पण कॉन्टॅक्ट कधीच लागत नाहीत. ॲपने मागितले तर तिथंच बंद करा.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी रात्र रात्र जागलोय ती. फोन टेबलावर चार्जिंगला लावलेला, मी गादीखाली हात घालून बघतोय, मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं तर ४.८ चं ४.१ झालं, मग ३.६, मग २.९. फोन जागचा हललेला नाही! आणि मी काय केलं, आईला खुणेनं सांगितलं की जवळ आलोय. तिचा चेहरा उजळला. तो चेहरा आठवला की अजून पोटात ढवळतं.

खरा सिग्नल असा शहाण्यासारखा उतरत नाही. नंतर नॉर्डिक सेमीकंडक्टर या चिप कंपनीचं एनआरएफ कनेक्ट हे ब्लूटूथ स्कॅनचं ॲप टाकलं, फुकट आहे, जाहिरात नाही. त्यात मीटर नसतात, आरएसएसआय असतो, म्हणजे येणाऱ्या सिग्नलची ताकद, उणे आकडे, डीबीएम या एककात. उणे ४५ म्हणजे अगदी जवळ, उणे ९० म्हणजे जेमतेम. एका जागी उभं राहिलं तरी उणे ७१, उणे ७८, उणे ६९ असं सारखं थरथरतं, कारण भिंत, लोखंडी कपाट, आपलं स्वतःचं अंग सगळं मध्ये येतं. त्यावरून बाणाने दिशा दाखवणं साध्या फोनला जमत नाही, दिशा काढायची सोय ब्लूटूथ ५.१ मध्ये २०१९ ला आली आणि तिला एकापेक्षा जास्त अँटेना लागतात. हळू चालायचं, दर खोलीत थांबायचं, आकडा कुठे शून्याकडे सरकतो ते बघायचं, एवढाच उपाय.

यंत्र चौथ्या दिवशी उशीच्या अभ्र्यात मिळालं. बॅटरी पूर्ण मेलेली. म्हणजे सिग्नल शून्य, आणि ॲप तेव्हाही २.१ मीटर दाखवत होतं. डोकं सणकलं, ॲप डिलीट केलं. आणि इथेच दुसरी चूक, डिलीट केल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही! स्टोअरमध्ये जाऊन सबस्क्रिप्शनच्या पानावरून वेगळं कॅन्सल करावं लागतं. रोज शंभर मेसेज येतात, त्यात ७९९ चे कुठे दिसणार, कार्डाचं स्टेटमेंट बघितलं तेव्हा सात आठवडे झाले होते. ५५९३ अधिक ४९९, म्हणजे ६०९२.

मग सुरू झाली वणवण. स्टोअरवाले म्हणाले डेव्हलपरशी बोला. डेव्हलपरचा मेल परत आला, पत्ताच अस्तित्वात नाही. बँकेत गेलो तर तिथला माणूस स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, मंजुरी तुम्हीच दिलीय सर. पोलीस ठाण्यात दीड तास बसवलं आणि सांगितलं, तुम्ही स्वतः ओके दाबलंय, यात फसवणूक कुठे? अरे, फोन न हलता अंतर कमी होतं ही फसवणूक नाही तर काय आहे? व्हिडिओ दाखवतो म्हटलं, कोणी बघितला नाही. अर्ज घेतला पण पोच द्यायला पुन्हा बोलावलं, गेलो तर साहेब रजेवर. स्टोअरकडे तिसऱ्यांदा लिहिल्यावर शेवटचे ७९९ परत आले. ५२९३ गेलेच.

अशा ॲप्सना फ्लीसवेअर म्हणतात, सोफोस कंपनीने २०१९ मध्ये हे नाव दिलं, म्हणजे प्रकार इतका जुना आहे आणि तरी सगळे हात वर करतात. रिव्ह्यू वाचायचेत ना, एक स्टारवाले आधी वाचा. मी नंतर वाचले, पहिल्याच चारात 'दर आठवड्याला पैसे कापतात' होतं.

माझी तक्रार अजून प्रलंबित दाखवतेय. ते ॲप परवा पुन्हा दिसलं, आयकॉन निळ्याचा हिरवा केलाय, बाकी रडार तेच, १४ डिव्हाइसही तीच.