धाड की छापा?

दोन्ही शब्द अचानक हल्ल्याचे, पण एकाच्या जागी दुसरा सहसा चपखल बसत नाही.

'धाड' जुना. संस्कृत 'धाटी' म्हणजे चाल, हल्ला. प्राकृतात 'धाडी', पुढे आपली 'धाड'. यात झुंडीने येऊन पडणं असतं, म्हणून टोळांची ती टोळधाड; 'टोळछापा' कुणी म्हणत नाही. रोगराईचा अर्थही याच शब्दाला चिकटला. 'काय धाड भरलीया तुला?' हे कोल्हापुरात कामचुकार पोराला रोज ऐकावं लागतं, तिथं 'छापा' घालून बघा, वाक्य मरतं.

'छापा' हे 'छाप', 'छापणे' यांच्या कुळातलं. छापखाना आणि नाणेफेकीतला छापा-काटा त्याचेच भाऊबंद. हल्ल्याच्या अर्थी त्यात गुप्त खबर, ठरलेली वेळ आणि नेमकं ठिकाण असतं. १६७३ साली शिवरायांच्या कोंडाजी फर्जंदानं साठेक मावळ्यांनिशी रात्री पन्हाळा चढून घेतला, तो छापाच. त्याच्या पुढच्या वर्षी नेसरीच्या खिंडीत मराठ्यांचे सरनोबत प्रतापराव गुजर आदिलशाही सरदार बहलोलखानावर तुटून पडले. ते मात्र उघड्यावरचं. त्याला दोन्ही शब्द लागत नाहीत, 'चढाई' म्हणा.

बातमीत घोळ इथंच होतो. 'जुगार अड्ड्यावर छापा' बरोबर. पोलिसांनी 'धाड टाकली' हेही रूढ आहे, चूक नाही. पण दरोडेखोरांनी 'छापा टाकला' लिहिलं की वाचकाला ते सरकारी पथक वाटतं. क्रियापदही बघा: धाड पडते, घालतात किंवा टाकतात, भरते ती फक्त बोलण्यात. छापा पडतो, घालतात, टाकतात. तो कधी भरत नाही.