पेनिसिलिनची ॲलर्जी एजंटने दडवली, क्लेम माझा नाकारला

१,८६,४३० रुपये. आरोग्य विम्याचा दरवर्षी २३,६४० रुपये प्रीमियम भरूनही न्यूमोनियाचं हे बिल मी पदरचं भरलं. कंपनीचं कारण: 'महत्त्वाची माहिती दडवली.' कुठली, तर मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे ही.

मी काहीही दडवलं नव्हतं. एजंट टॅबवर फॉर्म भरत होता. ॲलर्जीचा प्रश्न आला तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, की लहानपणी पेनिसिलिनने अंगभर पुरळ उठलं होतं आणि तेव्हापासून त्याच गटातलं ॲमॉक्सिसिलिनही घेत नाही. तो म्हणाला, "सर, औषधाची ॲलर्जी आजारात धरत नाहीत. उगाच लिहिलं तर मेडिकल लागेल, प्रपोजल अडकेल." आणि लगेच ओटीपी मागितला.

तो ओटीपी म्हणजेच माझी सही! मेसेजमध्ये तसं लिहिलंही होतं: ओटीपी दिलात म्हणजे फॉर्ममधली माहिती खरी असल्याचं तुम्हाला मान्य आहे. पण हा "लवकर सांगा सर, सेशन संपेल" म्हणून मागे लागलेला. त्याच क्षणी टॅब हातात घेऊन उत्तरं वाचायची होती, हे आता रोज डोक्यात घोळतं. पण गळ्यात कंपनीचं ओळखपत्र असलेल्या माणसावर कोण संशय घेतो? पॉलिसीच्या पीडीएफमध्ये, अगदी शेवटी जोडलेल्या फॉर्मवर छापलं होतं, 'ॲलर्जी: नाही'. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवस ती परत करता येते. त्या मुदतीत आधी तो फॉर्म वाचा.

भरती होताना नर्सने विचारलं, मी सांगितलं, केसपेपरवर लाल अक्षरांत नोंद झाली. डॉक्टरांनी दुसरं अँटिबायोटिक दिलं. तीच नोंद कंपनीने माझ्याविरुद्ध वापरली. तरीही क्लेमच्या भीतीने डॉक्टरांपासून ॲलर्जी कधीही लपवू नका, जिवावर बेतेल.

न्यूमोनिया ॲलर्जीमुळे झालेला नाही, एवढी साधी गोष्ट कुणी ऐकून घेईना. तक्रार कक्षाने पहिलंच पत्र शब्दशः परत पाठवलं. शाखा म्हणे मुख्य कार्यालयाला मेल करा, मुख्य कार्यालय म्हणे शाखेत भेटा. एजंटचं विचारलं तर 'तो आता आमच्याकडे नाही'. पोलीस ठाण्यात अर्ज वाचायच्या आधीच सांगितलं, हा दिवाणी मामला आहे. तीन वर्षांचे ७०,९२० रुपये घेताना ही ॲलर्जी कुणाला आठवली नाही! पॉलिसीही रद्द केली. पन्नाशीनंतर आता मी नवी कुठून काढू?

एजंटला तोंडी काही सांगू नका, व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. ज्यांची पॉलिसी चालू आहे त्यांनी फॉर्म काढून बघा, चूक असेल तर आजच कंपनीला लेखी कळवा. सलग ६० महिने पूर्ण झाले, की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला माहिती दडवल्याचं कारण देता येत नाही. माझे झाले नव्हते. क्लेम नाकारला तर पॉलिसीची नेमकी कुठली अट लावली, आणि ही माहिती आधी मिळाली असती तर पॉलिसी देण्याच्या निर्णयात काय फरक पडला असता, हे लेखी विचारा. मला याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. माझा अर्ज गेला आहे, त्याला एजंटच्या कॉलची नोंद आणि तो ओटीपीचा मेसेज जोडला आहे.