पहिलं ग्लायडर: केए-८, ॲस्टिर की स्टँडर्ड सिरस?

हडपसरला ग्लायडिंग शिकून आलेली धुळ्या-जळगावची पोरं जुनं ग्लायडर (बिनइंजिनचं विमान) घ्यायचं म्हणाली की आधी ग्लाइड रेशो, म्हणजे उंचीच्या किती पट लांब ते तरंगत जातं, हे विचारतात. माझ्या हिशेबात तो प्रश्न नंतरचा. ग्लायडर बाराही महिने राहणार कुठे, आणि एप्रिलच्या दुपारी शेतात उतरायची वेळ आली तर नवख्या हाताला सांभाळून घेईल का, हे आधी बघायचं.

युरोपातल्या जुन्या मालात ही तीन नावं हमखास दिसतात. तिन्ही एकआसनी, तिन्हींचे पंख १५ मीटर. श्लायखरचं केए-८ १९५७ सालचं: लाकडी पंख, पोलादी नळ्यांचा सांगाडा, वरून कापड, ग्लाइड रेशो २७. शेम्प-हिर्थचं स्टँडर्ड सिरस १९६९ चं आणि ग्रोबचं ॲस्टिर सीएस १९७४ चं. ही दोन्ही फायबरची, आणि दोन्हींचा रेशो ३८ च्या आसपास. म्हणजे वारा नसताना एक किलोमीटर उंचीवरून केए-८ सत्तावीस किलोमीटर जाईल, बाकीची दोन अडतीस.

पण आपल्याकडे वारा असतो. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा धरा. केए-८ चा सर्वाधिक रेशो देणारा वेग ताशी ७५ च्या आसपास, त्यामुळे जमिनीच्या हिशेबात त्याचा रेशो सोळावर येतो. ॲस्टिर त्याच वाऱ्यात पंचविसाच्या पुढे राहतं. उन्हाळ्यात तापीच्या खोऱ्यात थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर जाणारे हवेचे झोत, जोरदार असतात, त्यामुळे वर चढायला केए-८ कुठेच कमी पडत नाही. अडचण येते ती वाऱ्याच्या तोंडावर धावपट्टीकडे परतताना.

शेतात उतरायचं तर मात्र केए-८ सारखं दुसरं नाही. हलकं, सावकाश उतरणारं, चाक कायमचं बाहेर, पुढे पोटाखाली जमिनीवर घसरायची पट्टी. ॲस्टिर आणि बहुतेक सिरसचं चाक आत जातं. ते बाहेर काढायचं ऐन गडबडीत नवा वैमानिक विसरू शकतो. आणि आपली शेतं डोळ्यांसमोर आणा. केळीच्या बागेत उतरता येत नाही. कपाशीचं रान वरून मोकळं वाटतं, खाली पऱ्हाट्या उभ्या असतात. नांगरलेल्या काळ्या रानात ढेकळं, न नांगरलेल्यात हात जाईल एवढ्या भेगा, कडेला ठिबकच्या नळ्या आणि विजेच्या तारा. गहू-हरभरा निघालेलं, न नांगरलेलं सपाट रान शोधायचं, आणि तेही उंची शिल्लक असताना.

सिरस उडायला फार देखणं आहे, पण पहिलं ग्लायडर म्हणून मी ते सुचवणार नाही. त्याच्या शेपटीचा आडवा पंख अख्खाच फिरतो, म्हणून चालवायची काठी बोटभर हलली तरी नाक वरखाली होतं. विंचवर (दोरानं ओढून वर नेणाऱ्या यंत्रावर) किंवा जमिनीलगत नवखा हात दुरुस्तीवर दुरुस्ती करत बसतो आणि झोके वाढत जातात. एअरब्रेकही (उतरताना पंखावर उघडायच्या फळ्या) बेताचेच. उतरतानाचा वेग चुकला तर लांबवर तरंगत जातं, आणि छोट्या शेतात ते महागात पडतं. ॲस्टिरची शेपटी नेहमीसारखी, स्थिर पंख आणि मागे एलिव्हेटर (नाक वरखाली करणारी हलती फळी), त्यामुळे त्याचा स्वभाव शांत. फक्त जड आहे. पंख जोडायला तीन-चार माणसं हाताशी हवीत.

आता मुक्कामाचं. भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीस ओलांडतो. बऱ्याच फायबर ग्लायडरची रचना सुमारे ५४ अंशांपर्यंतच मान्य असते. पांढरा रंग असतो तो त्यासाठीच. पत्र्याच्या बंद ट्रेलरमध्ये मे महिन्यात उन्हात ठेवणं म्हणजे त्या मर्यादेशी खेळणं. लाकडाला वेगळं दुखणं: चार महिने कोरडी भट्टी, मग चार महिने ओल, आणि पंखातले जुने गोंदाचे सांधे. कापड उन्हानं जीर्ण होतं ते वेगळंच, बाभळीचा काटाही त्याला पुरतो. सावलीचं, हवेशीर हँगर मिळत नसेल तर तिन्हींपैकी एकही घेऊ नका.

कुणी स्वस्तातलं धातूचं एल-१३ ब्लानिक सुचवेल. २०१० साली ऑस्ट्रियात त्याचा पंख हवेतच तुटला आणि त्यानंतर जगभर ती ग्लायडरं जमिनीवर बसवली गेली. त्या वाटेला जाऊ नका.

माझा कौल ॲस्टिरला. धावपट्टीच्या आसपासच उडायचं असेल आणि लाकूडकामाची मान्यता असलेला इंजिनिअर हाताशी असेल, तर केए-८. डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) नोंदणी, गोंदूर किंवा जळगावची धावपट्टी वापरायची परवानगी, आणि वर नेणारं विंच किंवा ओढून नेणारं टो-विमान, हे सगळं पैसे मोजण्याआधी मार्गी लावा.

बघायला जाल तेव्हा जाणता इंजिनिअर सोबत न्या. लाकडी पंखाचे एअरब्रेक उघडून त्या खोबणीत टॉर्च मारा. पाणी साचतं ते तिथेच. डाग किंवा सुटलेला सांधा दिसला तर विषय संपला. ॲस्टिरच्या पंखावरून नख फिरवा. जेलकोटला (फायबरवरच्या गुळगुळीत पांढऱ्या थराला) भेगांचं जाळं असेल तर तो उतरवून नवा चढवणं शेकडो तासांचं काम आहे, किंमत तशी पाडून मागा. मग पंख समोर जोडायला लावा. या जुन्या ग्लायडरमध्ये एलरॉन (पंखाच्या टोकाकडच्या, विमान कलवणाऱ्या फळ्या) आणि एअरब्रेकचे दांडे हातानं जोडावे लागतात. प्रत्येक सांधा स्वतः बसवा, सेफ्टी पिन घाला, मग एकाला बाहेर एलरॉन धरून ठेवायला सांगा आणि तुम्ही आत बसून काठी दाबा. ढिलेपणा जाणवला तर त्या दिवशी व्यवहार करू नका.