गॅस कटिंगसाठी चार नगांचा फ्लॅशबॅक अरेस्टर संच : वापरानंतरचे मत

आमच्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यात ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनवर चालणाऱ्या कटिंग व ब्रेझिंगच्या (वितळलेल्या धातूने तुकडे जोडण्याच्या) जोडणीला भारतीय बनावटीचा फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे उलटी फिरलेली ज्योत अडवणाऱ्या उपकरणाचा, संच बसवलेला आहे. त्यातले दोन नग रेग्युलेटरच्या (सिलिंडरमधल्या वायूचा दाब कमी करून देणाऱ्या भागाच्या) तोंडाशी आणि दोन कटरच्या मुठीशी आहेत. उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण खरेदीच्या वेळी जे पाहावे लागते ते कोणत्याही कंपनीच्या मालाला सारखेच लागू आहे. संच घेण्यासारखा आहे आणि तो चारही नगांचा घ्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

ॲसिटिलीन हा वायू किती तापट आहे, हे रोज त्याच्याजवळ काम करणाऱ्यांनाही पुरेसे सांगितले जात नाही. हवेत त्याचे प्रमाण अडीच टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत काहीही असले तरी ते मिश्रण पेट घेऊ शकते, आणि दाब फार वाढला तर ऑक्सिजन नसतानाही हा वायू स्वतःच विघटित होऊन स्फोट घडवू शकतो. म्हणूनच सिलिंडरमध्ये तो सच्छिद्र भरावातील ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवतात आणि रेग्युलेटरनंतरचा दाब 15 पीएसआयच्या (दाब मोजण्याचे एकक) आत राखतात. नोझल कचऱ्याने तुंबले, तापलेल्या पत्र्याला टेकले, किंवा एक सिलिंडर संपत आल्याने त्या बाजूचा दाब पडला, तर एका पाइपातला वायू दुसऱ्या पाइपात शिरतो आणि ज्योत उलटी फिरून कटरमधून पाइपात, तिथून रेग्युलेटरकडे धावते.

अरेस्टर हे तीन प्रकारे अडवतो. वायू मागे फिरू नये म्हणून त्यात एकदिशा झडप असते. धातूची भुकटी भाजून तयार केलेल्या सच्छिद्र नळकांड्यात ज्योत शिरली की तिची उष्णता शोषली जाऊन ती विझते. तरीही आग टिकून राहिली, तर उष्णतेने वितळणारा जोड सुटतो आणि स्प्रिंगच्या जोरावर वायूची वाट कायमची बंद होते. असा बंद पडलेला नग दुरुस्त करून पुन्हा बसवायचा नसतो.

जोडणी करताना अडचण आली नाही. ॲसिटिलीनच्या नटाला उलटे आटे आणि कडांवर खाचा असल्यामुळे दोन वायूंची अदलाबदल होत नाही. प्रत्येक नगावर वायूच्या प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण आहे आणि तो नग कोणत्या वायूसाठी आहे याचे अक्षर कोरलेले आहे : ॲसिटिलीनसाठी ए, प्रोपेनसाठी पी, ऑक्सिजनसाठी ओ. एलपीजीवर (त्यात प्रोपेन असतो) काम करणाऱ्यांनी हे अक्षर नीट पाहावे. जोडांवर साबणाचे पाणी लावून गळती तपासली. मात्र ऑक्सिजनच्या बाजूला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये, अगदी आटे घट्ट बसत असले तरीही.

वापरात दोन उणिवा जाणवतात. मुठीशी लागलेल्या दोन नगांमुळे कटर जड होतो आणि डोक्यावरच्या कामात कारागिराचा हात लवकर भरून येतो. दुसरे म्हणजे अरेस्टरमुळे प्रवाहाला अडथळा होतो, त्यामुळे जाड प्लेटसाठी मोठे नोझल लावले की ज्योत अशक्त वाटते. अशा वेळी ॲसिटिलीनचा दाब वाढवत नेण्याचा मोह होतो, पण योग्य उपाय म्हणजे मोठ्या प्रवाहक्षमतेचा अरेस्टर घेणे. काही ठिकाणी वजनाच्या तक्रारीवरून मुठीकडचे नग काढून टाकतात. ते मला मान्य नाही. रेग्युलेटरकडचा नग सिलिंडरला वाचवतो, पण कारागिराच्या हातात असलेला पाइप त्याच्या संरक्षणाबाहेर राहतो.

माझी खरी तक्रार विक्रेत्याविषयी आहे. हा सुटा भाग एकदा बसवला की विसरून जायचा, अशा थाटात तो विकला गेला. प्रत्यक्षात प्रत्येक उलट्या ज्योतीनंतर आतल्या नळकांड्यात काजळी साचते, एकदिशा झडपेची बैठक झिजते, आणि बाहेरून काहीही दिसत नाही. अनेक उत्पादक वर्षातून एकदा तपासणी आणि सुमारे पाच वर्षांनी बदल सुचवतात. आमच्या संचाबरोबर याविषयी एक ओळही मराठीत आलेली नव्हती, आणि हे उपकरण हाताळणारा माणूस बहुतेक वेळा मराठी किंवा हिंदीच वाचतो. आम्ही बसवल्याची तारीख प्रत्येक नगावर रंगाने लिहिली आहे. हे काम खरे तर विक्रीच्या वेळीच व्हायला हवे होते.

अरेस्टर ज्या धोक्यांसाठी नाही, तेही ध्यानात ठेवावे लागते. तेलाचा रिकामा ड्रम कापताना आतल्या वाफेचा स्फोट तो रोखू शकत नाही. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 37 नुसार ज्वालाग्राही पदार्थ असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या टाकीवर तो पदार्थ आणि त्याची वाफ काढून टाकण्याचे पुरेसे उपाय केल्याशिवाय वेल्डिंग, ब्रेझिंग किंवा कटिंग करता येत नव्हते. क्लिपऐवजी बांधकामाच्या तारेने आवळलेला पाइप, भेगा पडलेला पाइप आणि आडवा टाकलेला ॲसिटिलीनचा सिलिंडर यांवरही या संचाचा उपाय चालत नाही.

संपूर्ण संच काही हजार रुपयांत येतो. खरेदी करताना आयएसओ 5175 हे अशा उपकरणांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक नगावर छापलेले आहे का, चाचणीचे प्रमाणपत्र मिळते का, आणि आपल्या सर्वांत मोठ्या नोझलला पुरेल इतका प्रवाह त्याच्या तक्त्यात दिलेला आहे का, हे तिन्ही विचारावे. तक्ता दाखवू न शकणाऱ्या दुकानातून मी पुढचा संच घेणार नाही.