व्हीलचेअरसकट बोटीत: दिवाळीपासून मेपर्यंतचा अनुभव

राधानगरी रस्त्याला एका धरणाच्या फुगवट्यावर व्हीलचेअरसकट बोटीत घेऊन मासेमारी आणि जंगलकाठची फेरी घडवतात, ती सेवा आपल्या व्हीलचेअरवाल्यांपैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. पुढचा दरवाजा खाली पडणारी सपाट तळाची बोट, खुर्ची बांधायला चार पट्टे, अर्ध्या दिवसाचे बाराशे रुपये, सोबतच्या एकाचे पैसे नाहीत. ते सगळं परत लिहीत नाही. दिवाळीनंतर मी जायला लागले आणि एप्रिलअखेर धक्क्यावर कडाक्याचं भांडण झालं, म्हणून हे लिहितेय.

माझं भांडण उताराशी आहे. धक्क्याच्या टोकापासून बोटीपर्यंत ते आठ फुटांची ॲल्युमिनियमची फळी टाकतात. दिवाळीला धरण भरलेलं, बोट धक्क्यापेक्षा जेमतेम आठ इंच खाली. म्हणजे एक फूट उताराला बारा फूट लांबी, रॅम्पचं सरकारी प्रमाणही तेच. चाकं माझ्या हातांनी ढकलत मी आत गेले. फळी संपते तिथं बोटीची कड दीड इंच वर आहे, पुढची बारकी चाकं तिथं अडतात. मागच्या चाकांवर खुर्ची जराशी उचलली की पार. अपघातानंतर मी जीप, बस, रेल्वे सगळ्यात बसले, पण दर वेळी कुणीतरी काखेत हात घालून बसवलं. दाजीपूरच्या जंगलात जीपनं जायचं तरी तेच. इथं कुणाचा हात लागला नाही. बाराशेतले हजार मी त्यासाठीच मोजते.

आतली सोय चांगली आहे. गळाची काठी धरायला खुर्चीच्या हातावर क्लॅम्प लावून देतात, त्यामुळे एका हातानंही रीळ फिरवता येतं. कणकेच्या गोळ्याला चिलापी लगेच लागते. रोहूसाठी दम धरावा लागतो. तलावाचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे आहे, म्हणून घरी न्यायचा मासा वजन करून विकत घ्यायचा. मला ते रास्त वाटतं, त्यावर त्यांचं पोट आहे. अभयारण्याच्या हद्दीत मासेमारी चालत नाही. बोट अलीकडेच थांबते आणि इंजिन बंद करतात. जानेवारीत एकदा समोरच्या काठावर गवा पाण्याला उतरला होता. पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, मोजे घातल्यासारखे. पाणी पिऊन तो आमच्याकडे बघत बराच वेळ उभा राहिला, आम्हीही हललो नाही.

एका बाबतीत माझं मत पार बदललं. बोट सुटायच्या आधी तिथले मामा म्हणतात, "ताई, कमरेचा पट्टा सोडा." खुर्ची डेकला घट्ट बांधायची आणि माणूस मात्र मोकळा, हे सुरुवातीला मला हलगर्जीपणाचं वाटायचं. पण बोट कलंडली तर पट्टा लावलेला माणूस खुर्चीबरोबर तळाला जातो. आता मी न सांगता सोडते. लाइफ जॅकेटला मात्र मांड्यांमधून जाणारा पट्टा आहे का, ते बघून घ्या. पोटाच्या स्नायूंत जोर नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि माणूस खाली जातो. डेकचा पत्रा मार्चपासून असा तापतो की अनवाणी पाय ठेवणं धोक्याचं. पायांना संवेदना नसल्यानं आपल्याला चटका कळत नाही, फोड घरी आल्यावर दिसतो. मणक्याला वर, मानेजवळ मार असेल तर घाम येत नाही आणि अंग तापत जातं, त्यांनी उन्हाळ्यात दहाच्या आत परत यावं.

आता एप्रिल. पाणी उतरलेलं, बोट धक्क्याच्या चार फूट खाली, फळी तीच आठ फुटांची. बाराच्या हिशेबानं अठ्ठेचाळीस फूट लागतात. मामा म्हणाले, "आमी उचलून ठेवतो की. पोरं दणकट हाईत." मी नको म्हटलं. मालकांनी पैसे परत द्यायला नकार दिला, कारण काय, तर "आम्ही न्यायला तयार होतो, तुम्हीच नाही म्हणालात." उचलूनच न्यायचं असेल तर कुठलीही होडी चालते, तिला बाराशे कशाला द्यायचे? फोनवर बुकिंग घेताना पाणी किती खाली गेलंय हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते सांगितलं नाही, हा माझा खरा राग.

इथवर लिहून ठेवलं होतं. मग मे महिन्यात त्यांचाच फोन आला. भांडणाच्या दिवशी माझ्या भावानं त्यांना एक जागा दाखवली होती. धरणात बुडालेला जुना रस्ता पाणी ओसरल्यावर उघडा पडतो आणि हळूहळू उतरत पाण्यात शिरतो. त्यांनी बोटीचा दरवाजा थेट त्या रस्त्यावर टेकवून पाहिला. मी गेले. गाळात चाकं रुतू नयेत म्हणून दोन फळ्या आडव्या टाकल्या होत्या, त्यावरून मी एकटी आत गेले. दीड इंचाची कडही तिथं आडवी येत नाही. उन्हाळ्यातली ही सोय धक्क्यापेक्षा चांगली आहे, हे मनापासून लिहिते.

एप्रिलचे बाराशे अजून आलेले नाहीत. आणि पाण्याची पातळी अजूनही कुणी सांगत नाही. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका हे कोल्हापुरात पोरासोरांना पाठ असतं. राधानगरी धरणाचा कितवा स्वयंचलित दरवाजा उघडला, याचे मेसेज घरोघरी फिरतात. त्याच जिल्ह्यात धक्क्याच्या खांबावर फुटांच्या खुणा रंगवून सकाळी एक फोटो पाठवायला फक्त डबाभर रंग लागतो. मालकांना हे तोंडावर सांगितलंय, इथंही लिहितेय.

दसऱ्यानंतर धरण भरलेलं असताना बिनघोर जा. फेब्रुवारीनंतर जाणार असाल तर बोट धक्क्याला लागते की जुन्या रस्त्याला, एवढं विचारा. "आल्यावर बघू की" असं उत्तर मिळालं तर आगाऊ पैसे भरू नका.