दुबईत खाण्याचं दुकान टाकायला गेलो आणि १९ लाख घालवून बसलो

लिहू का नको करत बरेच महिने गेले. बायको म्हणाली लिहा, आपले गेले ते गेले, निदान दुसऱ्या कुणाचे तरी वाचतील. नाव कुणाचंच घेणार नाही पण काय काय झालं ते सगळं सांगतो, जरा लांबेल.

मी कराडकडचा. दुबईत जेबेल अलीला एका वेअरहाऊसमध्ये ९ वर्षं स्टोअरकीपर होतो. बायको आल्यावर अल कुसैसला छोटा स्टुडिओ फ्लॅट घेतला. तिच्या हाताला चव आहे, सुट्टीच्या दिवशी ओळखीची बॅचलर पोरं जेवायला यायची, ज्वारीची भाकरी आणि भरलं वांगं खाऊन दरवेळी म्हणायची वहिनी दुकान टाका. परवान्याशिवाय घरातून डबे विकणं तिथं चालत नाही हे माहीत होतं, त्यामुळे करायचं तर रीतसर करायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं.

२०२३ च्या गणपतीत एकांच्या घरी आरतीला गेलो तिथं तो भेटला. कंपनी सेटअपचं काम करतो म्हणाला. गाव विचारलं तर सातारा जिल्ह्यातलाच निघाला. मला दादा, हिला वहिनी. प्रसाद घेता घेता त्यानं सगळं समजावलं, की दादा मेनलँडचं, म्हणजे साध्या शहरातल्या धंद्याचं लायसन्स घ्यायचं तर लोकल अरबाला ५१ टक्के द्यावे लागतात, उद्या तो दुकानाबाहेर काढेल, त्यापेक्षा फ्री झोनचं, म्हणजे परदेशी कंपन्यांसाठी आखलेल्या वेगळ्या भागाचं घ्या, १०० टक्के मालक तुम्ही आणि चालतं सगळ्या दुबईत.

ही दोन्ही वाक्यं खोटी होती. ५१ टक्क्यांचा नियम पूर्वी होता खरा, पण जून २०२१ पासून बहुतेक धंद्यांना मेनलँडवर सुद्धा परदेशी माणूस पूर्ण मालक होऊ शकतो. आणि नुसत्या फ्री झोनच्या लायसन्सवर करामात, म्हणजे दुबईतल्या एका जुन्या वस्तीत, रस्त्यावरचं खाण्याचं दुकान उघडता येत नाही. पण आम्ही जुनी माणसं, लोकल पार्टनरच्या गोष्टी इतकी वर्षं ऐकलेल्या, भीती डोक्यात बसलेली होती, त्यानं नेमकी तीच पकडली.

लायसन्स, व्हिसा सगळं मिळून २३,५०० दिरहम सांगितले, ते दिले. नोव्हेंबरात लायसन्स आलं, आणि आलं ते खरं आलं बरं का, हे नीट लक्षात घ्या. सरकारी शिक्का, क्यूआर कोड, माझं नाव, मॅनेजर म्हणून पण माझंच नाव. आम्ही ते देवापुढे ठेवलं, फोटो काढून गावी पाठवला. मग तो म्हणाला पार्टनर, म्हणजे कंपनी मालकाचा व्हिसा लावायचा तर नोकरीचा कॅन्सल करा, मी राजीनामा दिला. ९ वर्षांची ग्रॅच्युइटी हातात आली आणि ती येणार हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

लगेच पुढच्या आठवड्यात त्यानं करामात गाळा दाखवला. आधी टेलरचं दुकान होतं. तिथं चालू जागा घ्यायची तर आधीच्या माणसाला की मनी द्यायची पद्धत आहे, आपल्याकडच्या पागडीसारखं. ४५,००० मागितले, तेही रोख. ग्रॅच्युइटी पुरेना म्हणून हिनं लग्नातल्या पाटल्या बर दुबईत जाऊन मोडल्या. सोनार वजन करत होता तेव्हा ही काट्याकडं बघतच नव्हती, मी मात्र बघत होतो. पावती मागितली तर दादा तुमचा माझ्यावर विश्वास नाही का म्हणाला, आणि मी गप्प बसलो. इजारी म्हणजे तिथलं भाडेकराराचं सरकारी रजिस्ट्रेशन, त्याची एक झेरॉक्स दिली आणि म्हणाला नावावर करायचं काम चालू आहे तोवर तुम्ही किचनचं काम सुरू करा. ओटा, टाइल्स, स्टीलचं सिंक, हूड, एक्झॉस्ट, १८,००० अजून गेले.

शेजारी एका मल्याळी माणसाची ग्रोसरी होती. त्यानं एकदा सहज विचारलं, भाई, नक्शा पास कराया क्या? मला कळेना कसला नक्शा. तो म्हणाला खाने का दुकान है तो बलदिया से किचन का नक्शा पहले पास होता है, बाद में काम. बलदिया म्हणजे तिथली नगरपालिका. तेव्हा कुठं पोटात गोळा आला. सगळे कागद घेऊन टायपिंग सेंटरवर, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या दुकानात गेलो. तिथल्या माणसानं लायसन्स हातात घेतलं, वरचं काही वाचलंच नाही, सरळ खाली ॲक्टिव्हिटीच्या ओळीवर पेन ठेवलं. तिथं जनरल ट्रेडिंग लिहिलेलं होतं. म्हणजे मालाची खरेदी-विक्री. आणि फ्री झोन दुबईचा नाहीच, दुसऱ्या एमिरेटचा, म्हणजे यूएईतल्या दुसऱ्या राज्याचा. तो म्हणाला इस पे चाय भी नहीं बेच सकते. मग त्यानं दुबई रेस्ट या जागांच्या सरकारी ॲपवर इजारीचा नंबर टाकला, तो करार टेलरच्याच नावावर होता आणि संपून चार महिने झाले होते. नातूरला म्हणजे वॉचमनला विचारलं तर म्हणाला टेलर भाडं थकवून गेला, मालकाच्या ऑफिसनं नवीन कुणाला जागा दिलेलीच नाही. वर त्या बिल्डिंगला धूर वर न्यायला डक्टच नव्हती, तिथं किचन कधीच पास झालं नसतं.

त्याला मेसेज केले, एक दिवस उत्तरं आली, मग ब्लॉक. पोलिसांत गेलो. त्यांचं म्हणणं लायसन्स खरं आहे, २३,५०० च्या पावतीवर कन्सल्टन्सी फी, परत मिळणार नाही असं लिहिलंय आणि खाली तुमची सही आहे, ४५,००० चा तर कागदच नाही, कोर्टात जा. वकील म्हणाला पुरावा काय. पुरावा म्हणजे व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज, कारण तिथं व्हॉट्सॲप कॉल लागत नाही, सगळं बोलणं त्यावरच. जवळजवळ ६० मेसेज, सगळे मराठीत. आणि कोर्टाचं काम अरबीत, परवाना असलेल्या भाषांतरकाराकडून करून द्यावं लागतं. हिंदीचा मिळाला, मराठीचा मला कुठंच सापडला नाही. ज्या बोलीमुळं मी त्याला घरचा समजलो तीच कोर्टात माझ्या उपयोगी पडली नाही, याचा त्रास मला पैशांपेक्षा जास्त झाला.

एकूण ८६,५०० दिरहम, तेव्हाच्या भावानं १९ लाखांच्या वर. आणि इथं संपलं नाही. कंपनी माझ्या नावावर होती, एक रुपयाचा धंदा नसला तरी कॉर्पोरेट टॅक्सला रजिस्टर करायचं असतं, माझ्या लायसन्सच्या महिन्याला मुदत होती ३० नोव्हेंबर २०२४. मला कुणी सांगितलंच नाही. १०,००० दिरहम दंड लागला. त्यामुळे धंदा बसला तरी लायसन्स तसंच सोडून गावी जाऊ नका, कंपनी रीतसर बंद करा.

जे आत्ता या वाटेवर आहेत त्यांना हात जोडून सांगतो, पैसे द्यायच्या आधी लायसन्सवर ॲक्टिव्हिटी काय येणार ते लिहून घ्या आणि तीच ओळ घेऊन कुठल्याही टायपिंग सेंटरला जाऊन विचारा की याच्यावर मला हे दुकान, या जागेवर, उघडता येतं का. तासाभराचं काम आहे. जागेचं बोलणं मालकाच्या ऑफिसात जाऊन करा, रोख काही देऊ नका, आणि नकाशा पास होईपर्यंत एक टाइल बसवू नका. व्यवहाराचं बोलणं मेसेजमध्ये टाइप करून आणि इंग्रजीत ठेवा, समोरचा गाववाला असला तरी. आणि अडकलातच तर लाजू नका, भारतीय कॉन्सुलेटचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, मी लाजेपायी तिथं फार उशिरा गेलो.

मी परत नोकरीला लागलोय, पगार आधीपेक्षा कमी आहे. हूड आणि सिंक अजून एका मित्राच्या गोडाऊनमध्ये पडून आहेत, ही विकू देत नाही.

मागच्या महिन्यात ओळखीतून सोलापूरच्या एका मुलाचा फोन आला, शारजात असतो, त्याला दुबईत नाश्त्याचं दुकान टाकायचंय. दादा, एकजण म्हणाला मेनलँडला ५१ टक्के द्यावे लागतात, खरंय का. मी म्हणलं लायसन्सचा ड्राफ्ट आलाय का, ॲक्टिव्हिटीची ओळ वाच. तो थांबला, बहुतेक कागद शोधत होता. मग एकेक अक्षर लावत वाचलं, जनरल ट्रेडिंग. मी विचारलं पैसे दिलेस का. म्हणाला, उद्या देणार होतो.