उष्माघात कक्ष, तालुक्याचं सरकारी रुग्णालय: एका ठेकेदाराचं मत

सरकारी दवाखान्याबद्दल चांगलं लिहायची वेळ क्वचित येते, म्हणून ते आधी लिहून टाकतो. आमच्या तालुक्याच्या रुग्णालयातला उष्माघात कक्ष नुसत्या बोर्डापुरता नाही, तो चालतो. मी चंद्रपूर जिल्ह्यात स्लॅब-सेंट्रिंगची कामं घेतो. २०२४ च्या मे अखेरीस आमच्या ब्रह्मपुरीत पारा ४७ च्या वर गेला होता. अशा मुलखात माझ्या धंद्यात कुणाला ना कुणाला ऊन लागतंच.

यंदा लोखंड बांधणारा एक पोरगा दुपारी असंबद्ध बोलायला लागला. गाव कोणतं विचारलं तर सांगता येईना. १०८ ला फोन लावला, पण छोटा हत्ती दारातच उभा होता, त्यातच घातला. सोबतच्या मिस्त्रीनं खिशातून पॅरासिटामॉलची गोळी काढली होती, ती द्यायची राहिली हे बरंच झालं. कारण दवाखान्यात सिस्टरनं पहिलं तेच विचारलं, "गोळी दिली का काही? देऊ नका काका, हा तो ताप नाही. गोळीनं उतरत नाही, लिव्हरला मात्र त्रास."

मला आवडलेली गोष्ट म्हणजे केसपेपर कुणी मागितला नाही. शर्ट काढला, थर्मामीटर काखेत न लावता खालून, गुदद्वारात लावला (काखेतला आकडा फसवतो म्हणे), ४१ च्या वर निघाला. मग अंगावर पाणी शिंपडून कूलर थेट त्याच्याकडे वळवला आणि मान, काखा, जांघा इथे फडक्यात गुंडाळलेला बर्फ दाबून धरला. सलाईन त्यानंतर. आधी थंड करा, मग बाकीचं, हा क्रम त्या दोन सिस्टरना पाठ होता. पोरगा तासाभरात गावाचं नाव बोलला, वर माझ्याकडे त्या दिवसाची हजेरीही मागितली.

आता बर्फ. तो दवाखान्याचा नव्हता. वॉर्डातला फ्रीज लसींचा, त्यात दुसरं काही ठेवता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण मग उष्माघात कक्षाला स्वतःचा फ्रीज नको? वॉर्डबॉय गेटासमोरच्या रसवंतीवर धावत गेला आणि लादी फोडून घेऊन आला. पैसे मी दिले, तक्रार त्याची नाही. रसवंती संध्याकाळी बंद होते. रात्री पेशंट आला तर काय करता विचारलं, तर सिस्टर हसली. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो, कूलर नाही. हेही तिथंच कळलं.

दुसरी तक्रार कागदाची. डिस्चार्ज कार्डावर "ताप, अशक्तपणा" एवढंच लिहिलं. मी म्हटलं, "मॅडम, ऊन लागलं ते लिहा ना." त्या म्हणाल्या, उष्माघात लिहिला की वर कळवावं लागतं, फॉर्म लांबलचक आहे. केंद्राच्या पोर्टलवर उन्हाच्या आजारांची रोजची नोंद व्हावी, असं २०२३ पासून ठरलेलं आहे. नोंदच नसेल तर पुढच्या वर्षी फ्रीज मागणार कशाच्या जोरावर? अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेवर माणसं जास्त दगावली, हे मोजलं गेलं म्हणूनच २०१३ साली तिथं देशातला पहिला उष्णता कृती आराखडा आला. आपले आराखडे त्याच्याच मागून आले.

मोबाइलवरच्या इशाऱ्यांबद्दल थोडं. वेळेवर येतात, मराठीत येतात, पिवळा-नारिंगी-लाल कळतो. पण मैदानी भागात पारा ४० च्या वर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त, किंवा सरळ ४५, तेव्हा कुठे हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. आमच्याकडे मेमध्ये नेहमीचंच ४२-४३ असतं, म्हणजे ४४ ला लाट नाही. शिवाय तो आकडा सावलीतल्या पेटीत ठेवलेल्या थर्मामीटरचा, आणि माझी माणसं उघड्या स्लॅबवर सळ्या धरतात. त्यात मे २०२४ मध्ये नागपुरात एका यंत्रानं ५६ अंश दाखवले आणि नंतर सेन्सर बिघडल्याचं निघालं. तेव्हापासून इशारा आला की साइटवर "छप्पन का?" म्हणून हशा पिकतो.

१२ ते ४ उन्हात काम करू नका, हा सल्ला तर बोर्डावरच आहे. मी पहाटे साडेपाचला काम चालू करतो, ११ ला बंद, परत साडेचारला. ज्यांची रोजी रोजावर आहे ते मधल्या वेळात दुसऱ्याच्या साइटवर विटा उतरवायला जातात, मी कसा थांबवू? त्या चार तासांची मजुरी कुणी द्यायची ते बोर्डावर नाही. ती निम्मी मी द्यायला लागलो, निम्मी कामगार मंडळानं द्यावी असं माझं मत आहे. मंडळाकडे आम्ही बांधकामावर एक टक्का उपकर भरतो, तो पेटी आणि भांडी वाटण्यापेक्षा इथं लागू दे.

कक्षाला पाचपैकी साडेतीन. सिस्टर दोघींना पाच. जाताना बर्फ सोबत न्या, आणि कार्डावर निदान काय लिहिलं ते निघण्याआधी वाचा.